जुन्या बसच्या वायरिंगमध्ये रिले: कुठे हवा, कुठे नको?

घाटवळण (सोमवार, सकाळी ९.१०)
बस १९९० च्या दशकातली, इंजिन पुढे, बॅटरी पेटी चासीच्या डाव्या बाजूला मध्यावर. बॉडी उत्तम आहे, वायरिंग बहुतेक मूळचंच, मधेमधे जोड दिलेले. हेडलाइटला एच-४ बल्ब, २४ व्होल्टचे ७५/७० वॅट (अप्पर ७५, डिम ७०).

तक्रारी अशा: हेडलाइटचा उजेड पिवळट आहे, अर्ध्या तासात डिपरचा स्विच हाताला गरम लागतो, हॉर्न दाबला की केबिनचे दिवे मंदावतात, आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) कधीकधी नुसता 'टक' करून थांबतो. बस पावसाळ्यात ताम्हिणी आणि वरंध घाटात जाणार आहे, त्यामुळे उजेडाचं काम जूनच्या आत व्हायला हवं. 'सगळीकडे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाका' हा सल्ला सगळेच देतात. नेमके कुठे टाकायचे, किती अँपिअरचे, वायर कुठली, फ्यूज कुठे, ते सांगा.

अण्णा_वायरमन (९.३४)
हेडलाइटला दोन, हॉर्नला एक, सेल्फला एक. चार रिले, विषय संपला.

तारमास्तर (१०.०५)
अण्णा, विषय इतक्यात संपत नाही. रिले टाकायच्या आधी मोजायचं काय, ते सांगायला हवं.

पहिलं म्हणजे गाडी खरोखर २४ व्होल्टची आहे ना, ते मीटरने बघा. पेटीत दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ च असं नसतं, पॅरलल जोडल्या असतील तर १२ च मिळतात. मग इंजिन चालू करून थोडी रेस द्या, हेडलाइट लावा आणि दिवे लागलेले असतानाच मोजा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळं टोक बल्बच्या होल्डरच्या मागच्या प्लस पिनला लावा. जे दिसेल ते वाटेत गळालेलं व्होल्टेज. तसंच बल्बच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर रिलेने काहीही फरक पडणार नाही.

मीटरच्या 'बीप'वर विसंबू नका. वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बीप वाजतो, पण सहा अँपिअर तिच्यातून नीट जात नाहीत.

सुमेधा_ऑटोइले (१०.४८)
मास्तरांशी शंभर टक्के सहमत. त्यात भर म्हणजे मोटारगाड्यांचे व्हिडिओ बघून २४ व्होल्टच्या बसवर काम करू नका. दोन गोष्टी उलट्या होतात.

एक, त्याच वॅटला करंट निम्मा होतो. दोन डिम बल्ब म्हणजे १४० वॅट, भागिले २४, साधारण ६ अँपिअर. १२ व्होल्टच्या कारला दोन ५५ वॅटच्या बल्बनाच ९ च्या वर लागतात. म्हणजे वायरमधली गळती बसमध्ये आपोआप कमी असते.

दोन, काँटॅक्ट (रिलेतले करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट) उघडताना पडणारी ठिणगी २४ व्होल्टला लवकर तुटत नाही, रेंगाळते आणि पॉइंट खाते. म्हणून १२ व्होल्टला ४० अँपिअर लिहिलेला चौकोनी रिले त्याच आकारात २४ व्होल्टचा घेतला की बहुधा २० अँपिअरच लिहिलेलं असतं. कॉइलचं (पॉइंट ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीचं) व्होल्टेज बघून लोक खूश होतात, काँटॅक्टचा आकडा वाचत नाहीत. पंख्याच्या मोटरला किंवा हॉर्नला चुकीचा रिले लावला तर पॉइंट चिकटून बसतात आणि पंखा किल्ली काढूनही फिरत राहतो.

भोसरी_शेड (११.२०)
१२ व्होल्टचे दोन रिले घरात असतील तर कॉइल सिरीजमध्ये जोडून चालतात का?

सुमेधा_ऑटोइले (११.३१)
नको. दोन्ही कॉइल तंतोतंत सारख्या नसतात, एक आधी ओढतो, दुसरा नंतर. एकाची कॉइल तुटली की दोन्ही गेले. वर काँटॅक्ट १२ व्होल्टसाठी बनवलेले, तो प्रश्न तसाच राहतो. १२ ची एकटी कॉइल थेट २४ वर दिली तर चौपट उष्णता, दीड वॅटच्या जागी सहा. अर्ध्या तासात प्लास्टिक वितळल्याचा वास येईल.

स्वारगेटकर (दुपारी १२.१५)
माझं मत थोडं वेगळं आहे. २४ व्होल्टच्या बसला हेडलाइटसाठी रिले लागतच नाही. फ्यूजच्या क्लिप घासून स्वच्छ करा, स्विच नवा घाला, अर्थ नवी ओढा, उजेड परत येतो. रिले म्हणजे बिघडू शकणारी आणखी एक वस्तू. घाटात धुक्यात रिले गेला तर दोन्ही हेडलाइट एकदम जातात. स्विच मात्र आधी गरम होतो, चुरचुरतो, सूचना देतो.

तारमास्तर (१२.५२)
स्वारगेटकर, अर्थ आणि क्लिपबद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, ते काम रिलेच्या आधीचंच. 'दोन्ही एकदम जातात' हा धोकाही खरा आहे, पण तो रिलेचा नाही, दोन्ही दिव्यांना एकच रिले आणि एकच फ्यूज देण्याचा आहे. डाव्याचा डिम, उजव्याचा डिम, डाव्याचा अप्पर, उजव्याचा अप्पर, असे चार रिले आणि चार फ्यूज घाला. एक गेला तर एक दिवा जाईल, बस रस्त्यावर दिसत राहील.

अण्णा_वायरमन (१.१०)
चार रिले हेडलाइटलाच? खर्च वाढतो, खोकं मोठं होतं. फ्यूज चार वेगळे घाला, रिले दोनच ठेवा. डिमचा रिले गेला तर अप्पर लावून गाडी बाजूला घेता येते.

तारमास्तर (१.२२)
अप्पर आहे हे चालकाला त्या क्षणी सुचायला हवं, अण्णा. वळणावर अंधार झाला की हात आधी ब्रेककडे जातो. घाटात चालणाऱ्या बसला चारच.

घाटवळण (संध्याकाळी ६.४०)
मोजलं. इंजिन रेसवर, डिम चालू. बॅटरीवर २७.६, बल्बच्या दोन पिनांमध्ये २४.९. प्लसच्या बाजूला २.१ गळतंय, अर्थच्या बाजूला ०.६. प्लसची बाजू तुकड्यांत मोजली: फ्यूजच्या क्लिपवर ०.५, लाइट स्विचवर ०.७, डिपरवर ०.४, उरलेलं ०.५ वायर आणि जोडांवर.

सुमेधा_ऑटोइले (७.१५)
फार छान, आता बोलायला आधार आहे.

बल्बला मिळतंय बॅटरीच्या ९० टक्के. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. ०.९ चा ३.४ वा घात म्हणजे ०.७. दहा टक्के व्होल्टेज गेलं की तीस टक्के उजेड गेला. पिवळटपणा तिथूनच.

आणि तुमच्याच आकड्यांत बघा, २.१ पैकी वायरचा वाटा फक्त पाव. १.५ चौ. मिमी तांब्याच्या वायरला मीटरमागे ०.०१२ ओहमच्या आसपास रोध असतो. आठ मीटर आणि ६ अँपिअर धरले तर अर्धा व्होल्ट. बाकीचे १.६ क्लिप आणि स्विचमध्ये जळतात. ६ अँपिअर गुणिले ०.७ म्हणजे लाइट स्विचच्या बारक्या पॉइंटवर चार वॅट उष्णता, डिपरवर अडीच. म्हणून हाताला चटका लागतो. नुसती जाड वायर ओढून हे जाणार नाही. स्विचमधून मोठा करंट जाणंच थांबवायला हवं, आणि रिलेचं काम नेमकं तेवढंच आहे. रिलेच्या कॉइलला २४ व्होल्टवर ७०-८० मिलिअँपिअर लागतात. चारही मिळून स्विचला ओझं म्हणावं असं काही राहत नाही.

स्वारगेटकर (७.३८)
या आकड्यांवर मीही रिलेच घालीन. पण अर्थचे ०.६ विसरू नका, ते रिलेने जात नाहीत. पुढचा भाग फायबरचा असेल तर दिव्याची अर्थ बिजागरी आणि स्क्रूमधून फिरून येते. दोन्ही हेडलाइटना २.५ चौ. मिमीची स्वतंत्र काळी वायर, चासीवर रंग खरवडून लोखंड दिसेपर्यंत साफ केलेल्या जागी, बोल्ट आणि दातेरी वॉशरने. वर ग्रीस. बॅटरीपासून चासीला येणारी जाड पट्टीही सोडवून घासा, तिच्याखाली हिरवट गंज धरलेला असतो.

तारमास्तर (रात्री ९.०५)
आता जोडणी.

पिन क्रमांक: ३० ला बॅटरीतून येणारी थेट लाइन, ८७ वरून दिव्याकडे, ८६ ला स्विचकडून येणारा प्लस, ८५ अर्थ. जुनी डिमची आणि अप्परची वायर, जी आतापर्यंत बल्बला जात होती, ती आता ८६ ला येऊन थांबेल. तिचा बल्बकडचा उरलेला भाग कापून फेकू नका. होल्डरच्या प्लगसकट गुंडाळून ठेवा, म्हणजे अडचणीत पुन्हा थेट जोडता येते.

बॅटरीपासून रिलेच्या खोक्यापर्यंत ४ चौ. मिमी, साधारण सहा मीटर. अप्पर आणि हॉर्न एकदम चालले तरी १५ अँपिअरच्या आसपास, गळती ०.४ व्होल्ट. या लाइनला ३० अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर, खोक्यात नव्हे. फ्यूज वायरचं रक्षण करतो, दिव्याचं नाही. चासीला घासून ती सहा मीटर वायर मधेच उघडी पडली आणि फ्यूज पुढे खोक्यात असला, तर बॅटरीचा सगळा करंट त्या घासल्या जागेतून जाईल आणि बस पेटेल. जुन्या बसच्या आगीत हे कारण असू शकतं, इथे काटकसर करू नका.

रिलेपासून प्रत्येक दिव्याला २.५ चौ. मिमी आणि ७.५ अँपिअरचा फ्यूज. एका बल्बला तीन अँपिअर लागतात, पण थंड फिलामेंट पेटताना क्षणभर कित्येक पट ओढतं, म्हणून ५ चा घालू नका.

वायर चासीतून जाताना प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, बाहेरून नालीदार पाइप, फूटभर अंतरावर क्लॅम्प. सायलेन्सर आणि डिझेलच्या नळीपासून लांब.

भोसरी_शेड (९.२८)
जोड सोल्डर करायचे की पंच (लग दाबून बसवायचे)?

अण्णा_वायरमन (९.४१)
पंच. चांगल्या पंचिंग प्लायरने, साध्या पकडीने चेपून नव्हे. सोल्डर वायरच्या तारांत वर चढतं, जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि डिझेलच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. लग ओढून बघायचा, निघाला तर पंच कच्चा. वरून गोंदवाली श्रिंक ट्यूब. काळी टेप उन्हाळ्यात पाघळून निघते.

प्रज्ञावंत_नव्हे (रात्री १०.१२)
इतका खटाटोप करण्यापेक्षा एलईडीचे बल्ब घाला, करंट कमी, रिले नको, वायर नको.

सुमेधा_ऑटोइले (१०.३०)
एच-४ च्या परावर्तकाचा आकार एका विशिष्ट जागी बसलेल्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. एलईडीची चकती त्या जागी तशी बसत नाही, डिमची कडा विस्कटते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाते. धुक्यात तर स्वतःच्याच समोर पांढरी भिंत उभी राहते. त्या दिव्याला मान्यता हॅलोजनची असते, पासिंगला अडचण येईल ती वेगळीच. १००/९० वॅटचे बल्बही नकोत, होल्डरचं प्लास्टिक काळं पडून ठिसूळ होतं. आतल्या दिव्यांना एलईडी खुशाल घाला, तिथे फायदाच आहे.

अण्णा_वायरमन (मंगळवार, सकाळी ८.१५)
हॉर्नकडे कोणी बघितलंच नाही. पुण्याच्या रहदारीत गाडीतला सगळ्यात जास्त राबणारा रिले तोच. साध्या रिलेचं आयुष्य पूर्ण लोडवर साधारण एक लाख वेळा. दिवसाला पाचशे वेळा हॉर्न वाजला तर दोनशे दिवसांत पॉइंट संपले. म्हणून हॉर्नच्या लोडच्या दुप्पट क्षमतेचा रिले घ्या आणि दर वर्षी बदला.

स्टिअरिंगवरचं बटण बऱ्याच गाड्यांत प्लस देत नाही, अर्थ देतं. तसं असेल तर ८६ ला फ्यूजमधून कायमचा प्लस आणि बटणाची वायर ८५ ला. हेडलाइटसारखं जोडलं तर हॉर्न वाजणारच नाही. आणि कर्कश किंवा अनेक सुरांचे हॉर्न नकोत, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ क्रमांकाच्या नियमात ते बसत नाहीत.

घाटवळण (८.५०)
बटण तपासलं, अर्थच देतंय. धन्यवाद अण्णा, हे चुकलंच असतं. सेल्फबद्दलही सांगाल का?

अण्णा_वायरमन (९.२०)
सेल्फचा 'टक' दोन कारणांनी. सेल्फ मारताना बॅटरीवर आणि सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या मोठ्या विद्युत स्विचच्या) ५० नंबरच्या पिनवर एकाच वेळी मोजा. बॅटरी २० वर टिकली आणि ५० वर १४ च आले, तर किल्लीचा स्विच आणि वायर खातेय, तिथे रिले घाला. बॅटरीच १५ वर कोसळली तर बॅटरी, तिचे लग किंवा सेल्फची मोटर बघा, रिलेने काही होणार नाही.

तारमास्तर (९.४७)
अण्णांच्या या मुद्द्याला जोड देतो, कारण इथे चूक झाली तर महागात पडते. सोलेनॉइड ओढताना क्षणभर दिव्यांच्या कित्येक पट करंट घेतो. इथे चौकोनी छोटा रिले चालत नाही, २४ व्होल्टला किमान ७० अँपिअर लिहिलेला, ९.५ मिमीच्या रुंद पिनांचा किंवा बोल्टचा घ्या.

२४ व्होल्टचा रिले ओढायला साधारण १४ ते १६ व्होल्ट लागतात. बॅटरी अशक्त असेल तर सेल्फ लागताच व्होल्टेज त्याखाली जातं, रिले सुटतो, व्होल्टेज वर येतं, रिले पुन्हा ओढतो. सेकंदात अनेकदा. या तडतडीत पॉइंट वितळून चिकटतात आणि किल्ली सोडली तरी सेल्फ फिरत राहतो, इंजिन सुरू झाल्यावरही. मोटर आणि फ्लायव्हीलची दातेरी रिंग दोन्हींचं वाटोळं. म्हणून तडतड ऐकू आली की लगेच किल्ली सोडा, आणि बॅटरीचा कट-ऑफ स्विच चालकाच्या हाताला येईल असा ठेवा. मात्र इंजिन चालू असताना, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) चार्ज करत असताना, तो एरवी कधीही पाडायचा नाही. अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात शंभराच्या वर उडी मारू शकतं आणि रेग्युलेटर, डायोड, गाण्यांचा टेप सगळं जातं. सेल्फ चिकटला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मोठं नुकसान टाळायचं असतं.

भोसरी_शेड (१०.२५)
किल्लीच्या पूर्ण लाइनला एक मोठा रिले टाकला तर? वायपर, इंडिकेटर, मीटर सगळं त्यावर.

सुमेधा_ऑटोइले (११.००)
टाकता येतो, पण एक सापळा आहे. चार्जिंगचा लाल दिवा किल्लीच्या लाइनवरून अल्टरनेटरच्या डी-प्लस पिनला जातो. किल्ली बंद केली तरी इंजिन फिरत असेपर्यंत अल्टरनेटर त्या दिव्यातून उलटा करंट देतो. ३ वॅटच्या दिव्यातून शंभरभर मिलिअँपिअर जाऊ शकतात. रिले ओढायला १५ व्होल्ट लागत असले तरी धरून ठेवायला त्याहून खूप कमी पुरतात. तो दिवा रिलेच्या कॉइलच्या बाजूला जोडलेला असेल तर किल्ली बंद, पण रिले तसाच धरलेला. दिव्याच्या वायरमध्ये डी-प्लसकडे तोंड केलेला १एन४००७ डायोड घाला, म्हणजे उलटी वाट बंद.

कॉइलवर डायोड किंवा रोध आतच असलेले रिलेही मिळतात. साध्या बसला रोधवाला बरा. डायोडवाल्यात ८५-८६ ची अदलाबदल झाली तर डायोड सरळ शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. शिवाय डायोडमुळे रिले सावकाश सुटतो आणि ठिणगी थोडी जास्त वेळ राहते.

स्वारगेटकर (११.४२)
पाच पिनांचे रिले घेताना मधली पिन बघा. काहींत मधे ८७ए असते, म्हणजे रिले सुटलेला असताना जोडलेली. काहींत दुसरी ८७ च असते. बाहेरून अगदी सारखे. ८७ए वाल्या सॉकेटमध्ये दुसरा बसवला की वायपर पट्टीच्या शेवटी थांबायचं सोडून मधेच थांबतो.

टेपसाठी खालच्या (मायनसकडच्या) एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले असतील तर तेही बंद करा. खालची उपाशी राहते, वरची जास्त चार्ज होऊन पाणी उकळतं, सहा-आठ महिन्यांत दोन्ही गेल्या. २४ वरून १२ चा कन्व्हर्टर लावा.

घाटवळण (शनिवार, संध्याकाळी ७.०५)
हेडलाइट, हॉर्न आणि अर्थचं काम झालं. खोकं केबिनच्या आत, डाव्या पॅनेलमागे, रिलेच्या पिना खाली. आता बॅटरीवर २७.६, बल्बवर २७.१. स्विच थंड. सेल्फच्या वेळी बॅटरी १९.८ आणि ५० वर १३.९ होतं, ७० अँपिअरचा रिले घातल्यावर ५० वर १८.९.

सुमेधा_ऑटोइले (७.२०)
मनापासून आनंद झाला. आता भिंतीसमोर हेडलाइटची ॲडजस्टमेंट नक्की करा, वाढलेला उजेड चुकीच्या उंचीवर गेला तर समोरच्याला त्रास. रेग्युलेटरही बघा. २८ च्या आसपास ठीक, २९ च्या वर जात असेल तर बदला. पाच टक्के जास्त व्होल्टेजने बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आधी गळतीमुळे ते झाकलं गेलं असेल.

घाटवळण (७.४४)
रेस दिल्यावर २८.१ वर स्थिर आहे. शेवटचा प्रश्न, घाटात एखादा रिले गेलाच तर चालकाने काय करायचं?

अण्णा_वायरमन (८.०२)
हॉर्न आणि हेडलाइटला एकाच प्रकारचे, एकाच पिनांचे रिले घातलेत ना? मग हॉर्नचा उपटून हेडलाइटच्या जागी बसवायचा. एक नवा जास्तीचा रिले आणि दोन फ्यूज खोक्याच्या झाकणाला आतून बांधून ठेवा. कुठला रिले कशाचा ते झाकणावर मराठीत ठळक लिहा, आणि चालकाला एकदा दिवसाउजेडी स्वतःच्या हाताने बदलून बघू द्या.